हत्तीला वाट हवी

घरात बुद्धिबळाचा पट मांडला की शेजारी एक हिशेबही आपोआप सुरू होतो : कोणाचे किती मोहरे मेले? प्याद्याचा १ गुण, घोडा आणि उंट यांचे प्रत्येकी ३, हत्तीचे ५, वजिराचे ९. राजाला किंमत लावत नाहीत, कारण त्याच्यावर मात झाली की डावच संपला. ज्याची बेरीज जास्त तो पुढे, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरेही असते.

आता ही स्थिती पाहा. पांढऱ्याकडे राजाखेरीज एक हत्ती, एक उंट आणि सात प्यादी आहेत. एकूण १५ गुण. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि पाच प्यादी. एकूण २५. काळ्याची आघाडी दहा गुणांची, म्हणजे एका वजिराच्या किमतीहूनही मोठी. तरीही मात झाली आहे ती काळ्या राजावर.

ही स्थिती एका खऱ्या डावातली आहे. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्सचा २१ वर्षांचा पॉल मॉर्फी हा डाव खेळला. समोर ड्यूक ऑफ ब्रुन्सविक आणि काउंट इझुआर हे दोघे होते आणि ते आपसांत विचारविनिमय करून एकेक खेळी ठरवत होते. सतराव्या खेळीला मॉर्फीने मात केली. बुद्धिबळ शिकवणारे शिक्षक आजही हा डाव मुलांना दाखवतात आणि मुले दर वेळी तोच प्रश्न विचारतात : इतके मोहरे कमी असताना हा जिंकला कसा?

रिकाम्या पटावरचे गणित

मोहऱ्याची गुणांतली किंमत त्याची ऐपत सांगते. तो काम किती करतो आहे, हे त्या क्षणी पटावर पाहावे लागते. एसटीच्या डेपोत पन्नास गाड्या उभ्या असल्या, तरी फलाटाला लागलेली गाडीच माणसे घेऊन जाते. बाकीच्यांची नोंद फक्त वहीत. डावाच्या सुरुवातीला पटावर नेमके हेच असते. पांढऱ्याला पहिली खेळी निवडायला २० पर्याय असतात. त्यांतले १६ प्याद्यांचे आणि ४ घोड्यांचे. दोन्ही हत्ती, दोन्ही उंट, वजीर आणि राजा यांना एकही चाल नसते. ९ गुणांचा वजीर आणि ५-५ गुणांचे हत्ती आपल्याच प्याद्यांमागे अडकलेले असतात.

मोहरा किती मोकळा आहे हे मोजायची सोपी रीत म्हणजे तो किती घरांवर जाऊ शकतो ते मोजणे. पट रिकामा करून एकेक मोहरा ठेवून पाहिला, तर उत्तर असे येते :

> चौकट : रिकाम्या पटावर कोणाला किती घरे?
> घोडा – कोपऱ्यात २, मध्यभागी ८
> उंट – कडेला ७, मध्यभागी १३
> वजीर – कडेला २१, मध्यभागी २७
> राजा – कोपऱ्यात ३, मध्यभागी ८
> हत्ती – कोपऱ्यात १४, कडेला १४, मध्यभागीही १४

शेवटच्या ओळीकडे नीट बघावे. घोडा कोपऱ्यातून मध्यभागी आणला की त्याची पोच चौपट होते. उंट, वजीर, राजा यांनाही मध्यभाग मानवतो. हत्तीला मात्र जागेने काहीच फरक पडत नाही. कुठल्याही घरात ठेवा, त्याला १४ घरेच मिळणार. म्हणून हत्तीची ताकद वाढवायची तर त्याला नुसते मध्यभागी नेऊन भागत नाही. त्याच्यासमोरचा अडथळा हटवावा लागतो. तो अडथळा जवळजवळ नेहमी प्याद्यांचाच असतो, आणि बऱ्याचदा आपल्याच प्याद्यांचा.

वाट मोकळी कशी होते

पटावर आठ उभ्या रांगा असतात. खेळाडू त्यांना फाईल म्हणतात आणि ए, बी, सी अशी एचपर्यंत अक्षरे देतात. आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ क्रमांक असतात. म्हणून ‘डी ८’ म्हणजे डी फाईलमधले आठवे, काळ्याच्या अगदी घरच्या रांगेतले घर.

ज्या फाईलमध्ये दोघांचेही प्यादे उरलेले नाही ती मोकळी फाईल. आपले प्यादे गेले आहे पण प्रतिस्पर्ध्याचे आहे, ती आपल्या दृष्टीने अर्धी मोकळी. तिथे आपला हत्ती थेट पलीकडे घुसू शकत नाही, पण समोरच्या प्याद्यावर सतत दाब ठेवतो आणि ते राखायला एखादा मोहरा अडकवून ठेवतो.

फाईल मोकळी होते ती मारामारीतून. प्यादे सरळ चालते पण तिरके मारते. त्यामुळे मारताना ते आपली फाईल सोडून शेजारच्या फाईलमध्ये जाते. मध्यभागी प्याद्यांची एक मारामारी झाली की कुठेतरी वाट उघडते. प्यादे मागे येत नाही, म्हणून ती वाट सहसा पुन्हा बंद होत नाही. वजीर, घोडा, उंट यांची चुकीची चाल पुढच्या खेळीला परत घेता येते. प्याद्याच्या मारामारीने उघडलेली फाईल मात्र उघडीच राहते. म्हणूनच कसलेला खेळाडू प्यादे मारण्याआधी ‘या वाटेवर आधी कोणाचा हत्ती येईल?’ हे पाहतो.

आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकायचे आणि आजच्यासारखे कॅसलिंग नव्हते. बाकीचे नियम ठिकठिकाणी थोडे बदलत. त्या खेळात मध्यभागी प्यादी एकमेकांना भिडायलाच वेळ लागे आणि हत्ती बराच काळ कोपऱ्यात राहत. आजच्या नियमांत प्यादे सुरुवातीला दोन घरे उडी घेते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या खेळीलाच फाईल उघडू शकते. कॅसलिंग, म्हणजे किल्लेकोट, केले की राजा सुरक्षित होतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच खेळीत कोपऱ्यातला हत्ती मध्याकडे येतो, हा दुसरा फायदा नवखे विसरतात.

ऑपेरागृहातला डाव

आता मॉर्फीच्या डावाकडे येऊ. घरी पट असेल तर मांडून बघावा. सतराच खेळ्या आहेत.

चौथ्या आणि पाचव्या खेळीला मध्यभागी मारामारी झाली आणि दोघांचीही डी फाईलमधली प्यादी तिथून हलली. डी फाईल पूर्ण मोकळी झाली, पण तिच्यावर अजून कोणाचाच हत्ती नव्हता. पुढे दोघांनी आपापल्या खेळ्या कशा खर्च केल्या, त्यावर डावाचा निकाल ठरला.

आठव्या खेळीला मॉर्फीला काळ्याचे बी ७ वरचे प्यादे फुकट मिळत होते. ते घेतले असते तर काळ्याने वजिराने शह देऊन वजिरांची मारामारी केली असती आणि मॉर्फी एका प्याद्याने पुढे राहिला असता. हिशेब ठेवणाऱ्याने हेच केले असते. मॉर्फीने प्यादे सोडून घोडा बाहेर काढला, नवव्या खेळीला दुसरा उंट. आता त्याचे वजीर, घोडा आणि दोन्ही उंट मैदानात होते. काळ्याचा एक घोडा आणि वजीर एवढेच बाहेर होते. त्यातही वजीर ई ७ वर बसल्यामुळे त्याच्याच मागचा एफ ८ वरचा उंट कोंडला गेला. तो कोंडल्यामुळे राजाला त्या बाजूला कॅसलिंग करता येईना आणि एच ८ वरचा हत्तीही कोपऱ्यात अडकला. एक मोहरा चुकीच्या घरात बसला आणि त्याच्यामागे तिघांची वाट बंद झाली.

काळ्याने बी प्यादे पुढे ढकलून मॉर्फीच्या उंटावर हल्ला केला. मॉर्फीने माघार न घेता घोडा देऊन दोन प्यादी मारली, आणि उंटाने राजाला शह दिला. शह अडवायला काळ्याने घोडा डी ७ वर आणला. पुढच्याच खेळीला, बाराव्या, मॉर्फीने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केले. राजा सी १ वर सुरक्षित गेला आणि हत्ती थेट डी १ वर, मोकळ्या फाईलच्या तोंडाशी, उभा राहिला.

या क्षणी काळ्याचे दोन्ही घोडे पिन झाले होते. मागे राजा किंवा वजीर असल्यामुळे मोहऱ्याला हलता येत नाही, किंवा हलला तर मोठे नुकसान होते, तेव्हा तो पिन झाला असे म्हणतात. डी ७ वरच्या घोड्याच्या मागे राजा होता, एफ ६ वरच्या घोड्याच्या मागे वजीर. गुणांच्या हिशेबात दोन्ही घोडे ३-३ गुणांचेच, पण पटावर त्यांचे काम जवळजवळ शून्य.

तेराव्या खेळीला मॉर्फीने हत्तीने डी ७ वरचा घोडा मारला. काळ्याने आपल्या हत्तीने तो हत्ती मारला. म्हणजे ५ देऊन ३ घेतले. कागदावर तोट्याचा व्यवहार. पण आता डी ७ वर आलेला काळा हत्तीही पिन झाला, आणि चौदाव्या खेळीला मॉर्फीने कोपऱ्यातला दुसरा हत्ती शांतपणे डी १ वर आणून ठेवला.

या डावाचे वर्णन करताना सगळे वजिराच्या बळीविषयी बोलतात. माझ्या मते डावाचा कणा ही चौदावी खेळी आहे. ती शह देत नाही, काही मारतही नाही. पण तिच्यानंतर मॉर्फीचा एकही मोहरा रिकामा उरला नाही, आणि काळ्याचा एफ ८ वरचा उंट आणि एच ८ वरचा हत्ती डाव संपेपर्यंत एकदाही हलले नाहीत. गुणांची बेरीज काहीही असो, लढाईच्या जागी मॉर्फीचेच बळ जास्त होते.

पुढचे सगळे वेगाने घडले. काळ्याने वजीर ई ६ वर हलवून एफ ६ वरचा घोडा पिनमधून सोडवला. मॉर्फीने डी ७ वरचा हत्ती उंटाने मारून शह दिला आणि मोकळ्या झालेल्या घोड्याने तो उंट मारला. त्यामुळे एफ ६ चे घर रिकामे झाले, ई ७ चे आधीच झाले होते. जी ५ वरच्या मॉर्फीच्या दुसऱ्या उंटाला आता तिरक्या रेघेत थेट डी ८ पर्यंत दिसू लागले. डी फाईलमध्ये एकच अडथळा उरला, तो डी ७ वर येऊन बसलेला घोडा. मॉर्फीने वजीर बी ८ वर नेऊन शह दिला. काळ्याची बी आणि सी प्यादी दहाव्या-अकराव्या खेळीत गेली होती, म्हणून वजिराला तिथवर जायला वाट होती. त्या शहाला काळ्याकडे एकच उत्तर होते : घोड्याने वजीर मारणे. घोडा हलला, डी फाईल खालपासून वरपर्यंत रिकामी झाली आणि हत्ती डी ८ वर गेला. उंटाचा त्याला आधार होता. मात. ९ गुणांचा वजीर दिला तो एक घोडा फाईलवरून बाजूला काढायला.

एकाच फाईलवर दोघे आले तर?

मॉर्फीला फाईल जवळजवळ बिनविरोध मिळाली. तुल्यबळ खेळाडूंमध्ये दोघेही तिथे धाव घेतात. मग पहिला उपाय म्हणजे एकामागे एक दोन हत्ती लावणे. पुढचा हत्ती मारला गेला तरी मागचा त्याची जागा घेतो. ज्याचा आधार जास्त, फाईल त्याची.

याची सर्वांत प्रसिद्ध झुंज १९३० साली इटलीतल्या सान रेमो इथे झाली. तेव्हाचा जगज्जेता अलेक्झांडर अलेखिन आणि आरोन निम्झोविच समोरासमोर होते. निम्झोविचने ‘माय सिस्टिम’ या पुस्तकाच्या सुरुवातीच्याच भागात मोकळ्या फाईलचे आणि सातव्या-आठव्या रांगेचे शास्त्र मांडले होते. पुढच्या कित्येक पिढ्या ते वाचून शिकल्या. या डावात सी फाईल मोकळी झाली. अलेखिनने दोन हत्ती पुढे आणि त्यांच्यामागे सी १ वर वजीर अशी रचना केली. तिला आज ‘अलेखिनची तोफ’ म्हणतात. वजीर मागे का? पुढे वजीर असता तर पहिल्याच मारामारीत ९ गुणांचा मोहरा ५ गुणांच्या हत्तीसाठी द्यावा लागला असता. स्वस्त मोहरा पुढे, महाग मागे, म्हणजे मारामारी परवडते.

निम्झोविचचे दोन हत्ती सी ७ आणि सी ८ वर होते आणि वजीर शेजारी डी ७ वर, म्हणजे संख्येने बरोबरी. फरक होता तो जागेचा. अलेखिनची प्यादी पुढे सरकलेली होती, ए ४ वरून त्याचा उंट सी ६ वरच्या काळ्या घोड्यावर रोखलेला होता आणि त्या घोड्याच्या मागे अख्खे काळे सैन्य त्याला राखण्यात गुंतले होते. तिसाव्या खेळीला अलेखिनने कडेचे प्यादे दोन घरे पुढे केले, इतकेच. काळ्याजवळ प्याद्यांच्या एक-दोन निरुपद्रवी चाली उरल्या होत्या. त्या संपल्या की प्रत्येक खेळीने काही ना काही सुटून पडणार होते. निम्झोविचने डाव सोडला.

सातवी रांग

फाईल मिळवणे हा अर्धा प्रवास. उरलेला अर्धा म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मुलखात शिरणे, आणि हत्तीला तिथले सर्वांत आवडते ठिकाण म्हणजे सातवी रांग. काळ्याची न हललेली प्यादी तिथेच उभी असतात. प्यादे फक्त पुढच्या तिरक्या घरांना राखते. शेजारच्या प्याद्याला नाही. एका रांगेत उभी असलेली प्यादी एकमेकांना मुळीच वाचवू शकत नाहीत आणि बाजूने आलेला हत्ती त्यांच्यावर एकामागून एक चालून जातो. शिवाय काळा राजा आठव्या रांगेत असेल तर सातव्या रांगेतला हत्ती त्याला बाहेर पडू देत नाही.

१९२४ साली न्यू यॉर्कमध्ये कापाब्लांकाने टार्टाकोवरविरुद्ध हे फार सुंदर दाखवले. डावाच्या शेवटच्या भागात दोघांकडे एकेक हत्ती आणि प्यादी उरली होती. कापाब्लांकाचा हत्ती एच फाईलवरून सातव्या रांगेत शिरला होता. टार्टाकोवरचा हत्ती प्यादी टिपण्याच्या मार्गावर होता. कापाब्लांकाने ती वाचवायचा प्रयत्नही केला नाही. राजा पुढे काढला, दोन प्यादी शहासह जाऊ दिली, आणि राजाला थेट एफ ६ पर्यंत, आपल्या पुढे गेलेल्या प्याद्याच्या शेजारी, नेऊन बसवले. आता काळा राजा शेवटच्या रांगेत कोंडलेला, आणि पांढरा हत्ती, राजा व प्यादे तिघे मिळून काम करत होते. काळ्याकडे प्यादी जास्त होती, पण ती वाचवायला आणि राजाला राखायला त्याचा एकटा हत्ती पुरेना. डाव कापाब्लांकाने जिंकला.

वाट आहे, पण शिरायचे कुठे?

मोकळी फाईल दिसली की हत्ती तिथे आणून ठेवायचा आणि मग थांबायचे, ही नवशिक्यांची सर्रास चूक. फाईलच्या पलीकडच्या टोकाला एकही घर आपल्यासाठी मोकळे नसेल, म्हणजे सहावे, सातवे, आठवे ही तिन्ही घरे प्रतिस्पर्ध्याच्या घोड्याने, उंटाने किंवा प्याद्याने राखलेली असतील, तर हत्ती तिथे नुसता उभा राहील. बचाव करणाऱ्याचा मार्गही यातच आहे. फाईल हातची गेली तरी शिरकावाची घरे राखायची, किंवा आपला हत्ती समोर आणून हत्तींची मारामारी करून टाकायची. पटावर हत्तीच उरले नाहीत तर मोकळ्या फाईलला किंमत राहत नाही. म्हणून ज्याच्याकडे फाईल आहे, त्याला ही मारामारी टाळायची असते.

ती कशी टाळावी याचे माझ्या दृष्टीने सर्वोत्तम उदाहरण म्हणजे १९७४ च्या नीस ऑलिम्पियाडमधला कार्पोव्ह-उंझिकर डाव. ए फाईल मोकळी होती आणि दोघांचेही हत्ती तिच्यावर समोरासमोर होते. मारामारी सुरू झाली असती तर हत्ती संपले असते आणि काळ्याचा कोंडमारा सुटला असता. चोविसाव्या खेळीला कार्पोव्हने आपला उंट ए ७ वर नेऊन ठेवला. मोकळी फाईल त्याने स्वतःच अडवली! पण उंटाच्या अलीकडची सगळी फाईल कार्पोव्हची होती आणि पलीकडे काळ्या हत्तीला एकच घर उरले. उंटाच्या आडून कार्पोव्हने दोन्ही हत्ती सावकाश एकामागे एक लावले. उंट ज्या क्षणी बाजूला होईल त्या क्षणी फाईल त्याचीच होणार होती.

हा क्षण कधी येईल हे कार्पोव्हच्या हातात होते, म्हणून उंझिकरला त्या बाजूचे मोहरे हलवता येईनात. दरम्यान कार्पोव्हने राजाच्या बाजूला प्यादी पुढे रेटली, काळ्याच्या राजाभोवतालची पांढरी घरे कमकुवत केली, तिथला बचावाचा उंट मारामारीत काढून घेतला आणि वजीर जी ६ वर आणून बसवला. ४४ व्या खेळीला त्याचा घोडा एच ५ वर आला आणि उंझिकरने डाव सोडला. ए ७ वरचा उंट तोवर हलला नव्हता आणि त्याच्यामागच्या हत्तींना ए फाईल प्रत्यक्ष उघडायची वेळच आली नाही.